लेकीला लिबरल आर्ट्स शिकायचंय : एका करसल्लागार वडिलांच्या पत्राला उत्तर

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून:

‘सांगलीत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. व्यापाऱ्यांचे जमाखर्च, जीएसटी, रिटर्न्स. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, मार्क चांगले आहेत. तिने सीए करावं, पुढेमागे ऑफिस सांभाळावं असं मनात होतं. ती म्हणते, मला पुण्याला चार वर्षांचं लिबरल आर्ट्स करायचंय. फी ऐकून छातीत धस्स झालं. वाद वाढला तेव्हा तिने इटलीतल्या कुणा जुन्या विद्वानाचं म्हणणं वाचून दाखवलं, की मुक्त माणसाला शोभतं ते खरं शिक्षण आणि हलक्या मनाची माणसं फायदा आणि मौज एवढंच बघतात. त्या रात्री मी जेवलो नाही. आयुष्यभर लोकांच्या चोपड्या लिहून घर चालवलं, तो मी हलक्या मनाचा? तुम्ही युरोपचा इतिहास शिकवता म्हणून विचारतो. हे विद्वान खरंच असं म्हणाले का? त्यांची पोटं कशावर भरायची? हे श्रीमंतांच्या मुलांचं शिक्षण नव्हतं का? आणि शेवटचं, मी कर्ज काढू की नको?’

नमस्कार.

लेकीने वाचून दाखवलं ते खरं आहे. पिएर पाओलो वेर्जेरिओ नावाच्या माणसाने ते १४०२-०३ च्या सुमारास उत्तर इटलीतल्या पादुआ शहरात लिहिलं. तरुणांचं वळण आणि शिक्षण यावरचं ते छोटंसं पुस्तक पुढे कितीतरी पिढ्या युरोपभर वाचलं गेलं. प्रबोधनकाळातल्या मानवतावाद्यांच्या, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासातून माणूस घडवू पाहणाऱ्या विद्वानांच्या, शिक्षणविचाराची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून धरतात. ज्या विद्यांनी सद्गुण आणि शहाणपण अंगी येतं, शरीर आणि मन उत्तम गोष्टींसाठी तयार होतं, त्या मुक्त माणसाला शोभणाऱ्या विद्या, म्हणजेच ‘लिबरल’ आर्ट्स, असं तो म्हणतो. आणि लगोलग ते बोचणारं वाक्यही येतं: हलक्या मनाला फायदा आणि मौज हवी असते, उदात्त मनाला सद्गुण आणि कीर्ती. मी ते मऊ करून सांगणार नाही. तुम्हाला लागलं, आणि ते लागण्यासारखंच आहे.

पण ते लिहिलं कुणासाठी, हे आधी बघा. पादुआचा सत्ताधीश फ्रान्चेस्को नोव्हेल्लो दा कारारा, त्याचा कोवळा मुलगा उबर्तिनो, त्याला उद्देशून हे पुस्तक आहे. पैसा कसा मिळवावा ही त्या मुलाची अडचण कधीच नव्हती. अडचण अशी होती की मोठा झाल्यावर त्याच्या एका हुकमाने हजारो माणसं लढाईत लोटली जाणार, आणि त्याला अडवणारं वर कुणी नसणार. वेर्जेरिओचा ‘मुक्त माणूस’ मला तिथे उमगतो. ज्याच्यावर कुणाची हुकमत नाही आणि ज्याचे निर्णय इतरांना भोगावे लागतात, तो हा माणूस. त्याला इतिहास हवा, म्हणजे आधी कोण कुठे कसं चुकलं ते ठाऊक असेल. नीतिविचार हवा, म्हणजे काय करावं ते कळेल. आणि वक्तृत्व हवं, कारण जे योग्य वाटतं ते चारचौघांना पटवता आलं नाही तर ते मनातच राहतं. वेर्जेरिओच्या मांडणीत हे तीन विषय एकमेकांना धरून आहेत. लेक वाद घालताना हा भाग वगळून मधलंच वाक्य उचलते, तो तिच्या वयाचा दोष म्हणू.

लिहिणारा स्वतः कोण होता? तर्कशास्त्र शिकवून पोट भरणारा, वैद्यक शिकलेला, १४०५ मध्ये कायद्याची पदवी घेतलेला माणूस. वैद्यक जाणणं फार चांगलं पण त्याचा धंदा करणं मुक्त माणसाला फारसं शोभत नाही, कायद्याचंही तसंच, असं त्याच पुस्तकात लिहून ठेवणाराही तोच. हे मत मला मान्य नाही. तो दरबाराच्या आश्रयाने जगणाऱ्यांचा काळ होता, आणि कष्टाचा मोबदला मागणाऱ्याकडे वरून बघण्याची त्या वर्गाला सवय होती. मानवतावादी मंडळींच्या विचारात ही सरंजामी कड आहे, ती आपण आज उचलायची काही गरज नाही. उचलायचा तो त्यांचा प्रश्न: ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला कशाने तयार करावं? पादुआत तो निर्णय एका घराण्याच्या हातात होता. आपल्याकडे तो तुमच्याही हातात आहे, तुमच्या लेकीच्याही आणि तुमच्या ऑफिसात चोपड्या घेऊन येणाऱ्या किराणा दुकानदाराच्याही. मत देणारा, ग्रामसभेत उभा राहणारा, पक्षकाराला ‘हे खोटं बिल मी लावणार नाही’ असं सांगणारा माणूस वेर्जेरिओच्या अर्थाने मुक्तच आहे. तुम्ही हे शेवटचं वाक्य कधी ना कधी कुणाला सुनावलं असणार. तेव्हा हलकं मन कुणाचं हा विषय आपण इथे मिटवू या.

त्याच पुस्तकातली दुसरी एक जागा लेकीने वाचून दाखवायला हवी होती. आईबापांनी मुलांना तीन गोष्टी द्याव्यात, असं वेर्जेरिओ म्हणतो: चांगलं नाव, नावाजलेलं गाव आणि उत्तम विद्या. यातली विद्या सगळ्यात टिकाऊ. त्याने हे लिहिलं आणि दोन-तीन वर्षांतच, १४०५ च्या अखेरीस, व्हेनिसने पादुआ जिंकून घेतलं. उबर्तिनोच्या वडिलांना आणि दोन भावांना १४०६ च्या जानेवारीत व्हेनिसच्या तुरुंगात मारण्यात आलं. नाव गेलं, गावही गेलं. त्या काळच्या इटलीत सत्ता आणि संपत्ती किती झपाट्याने जात होती हे ध्यानात घेतलं, की ही माणसं मनात साठवलेल्या विद्येबद्दल इतक्या कळकळीने का बोलत ते कळतं.

आता तुमच्या धंद्याबद्दल. चोपड्या लिहिणारी माणसं त्या जगात नव्हती असं समजू नका, ते जगच त्यांच्या जिवावर उभं होतं. १३३८ च्या सुमाराच्या फ्लॉरेन्सची शिरगणती जोव्हान्नी विल्लानी या व्यापारी इतिहासकाराने दिली आहे. वाचायला शिकणारी मुलं ८ ते १० हजार. हिशेबाच्या सहा शाळांत १,००० ते १,२००. लॅटिन व्याकरण आणि तर्कशास्त्राच्या चार मोठ्या शाळांत ५५० ते ६००. म्हणजे हिशेब शिकणारी मुलं लॅटिन शिकणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होती! द्विनोंदी पद्धतीची पहिली छापील मांडणी लुका पाचोली या भिक्षूने १४९४ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध केली. रोजकीर्द, खतावणी, नावे आणि जमा यांचं जे शास्त्र तुम्ही रोज वापरता ते त्या पुस्तकात नीट लावून दिलेलं आहे. पाचोलीने तो ग्रंथ अर्पण केला उर्बिनोचा ड्यूक ग्विदोबाल्दो याला. ग्विदोबाल्दोचा बाप फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो म्हणजे पेशाने भाडोत्री सेनापती आणि त्या शतकातल्या सर्वोत्तम ग्रंथसंग्रहांपैकी एकाचा धनी. तो लहानपणी मांतुआत व्हित्तोरिनो दा फेल्त्रे या शिक्षकाच्या हाताखाली शिकला होता. बघा, हिशेबाचं पुस्तक आणि मानवतावादी शिक्षण एका दरबारात सुखाने नांदत होतं.

जान्नोत्सो मानेत्तीचीही आठवण होते. फ्लॉरेन्सच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा हा मुलगा. आधी हिशेब शिकला, पेढीवर बसून खातेवह्या सांभाळल्या, आणि पंचविशीच्या आसपास लॅटिनकडे वळला. पुढे ग्रीक आणि हिब्रूही शिकला, फ्लॉरेन्सचा राजदूत झाला, माणसाच्या थोरवीवर ग्रंथ लिहिला. नंतर राजकीय आकसातून त्याच्यावर इतका कर बसवला गेला की १४५३ मध्ये त्याला शहर सोडावं लागलं. ते शहर करआकारणीचं हत्यार विरोधकांवर सर्रास चालवायचं. हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि तुमची लेक पुढेमागे त्यावर काही लिहील तर तुमच्याइतका जाणकार वाचक तिला मिळणार नाही.

पोटाचा प्रश्न. इथे मी तुम्हाला आधी लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीकडे नेते, कारण तो खोटी आशा दाखवत नाही. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या मोठ्या घराण्यातला हा मुलगा. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. बोलोन्याला शिकत असतानाच वडील वारले आणि नातलगांनी त्याच्या वाट्याचे पैसे अडवले. कायद्याचा अभ्यास करता करता तो आजारी पडला. पंचविशीच्या आसपास त्याने विद्येचे फायदे-तोटे यावर एक प्रबंध लिहिला, आणि त्यात तोट्यांचीच बाजू मोठी आहे. पैसा मिळतो तो वकील, वैद्य आणि नोटरी यांना, तोही थोड्यांना आणि उशिरा. बाकीच्यांच्या वाट्याला जागरणं, दुखणी आणि लोकांची कीव. ज्याला धन हवं त्याने दुसरी वाट धरावी. विद्येकडे यायचं तर शहाणपणासाठी यावं, एवढंच त्याचं सांगणं. लेकीशी बोलताना हे तिच्यासमोर जरूर ठेवा. तिच्याच पंथातला माणूस हे म्हणतोय, त्यामुळे ती ऐकेल.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पंधराव्या शतकातल्या इटलीत लिहिता-बोलता येणाऱ्या माणसाला फार मोठी मागणी होती. शहरं एकमेकांशी सतत भांडत होती, तह करत होती, पत्रं धाडत होती, आणि पत्र लॅटिनमध्ये आणि ठसक्यात लिहिलेलं लागे. कोलुच्चो सालुताती १३७५ पासून १४०६ मध्ये मरेपर्यंत फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा चॅन्सेलर होता, म्हणजे राज्याचा सगळा पत्रव्यवहार त्याच्या हातात. त्याचं एक पत्र हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त नुकसान करतं, असं त्याचा शत्रू, मिलानचा सत्ताधीश व्हिस्कोन्ती, म्हणाल्याची आख्यायिका आहे.

त्याच्या मागोमाग आलेला लिओनार्दो ब्रुनी तर तुमच्या लेकीच्याच पेचातून गेला होता. तो कायदा शिकत होता. १३९७ मध्ये सालुतातीच्या पुढाकाराने कॉन्स्टँटिनोपलहून मानुएल क्रिसोलोरास हा विद्वान फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला आला. ब्रुनीने पुढे आठवणी लिहिताना आपल्या मनातला झगडा नोंदवला आहे. कायदा सोडणं त्याला अपराधासारखं वाटत होतं. शेवटी त्याने मनाला असं समजावलं: कायद्याचे शिक्षक गल्लोगल्ली आहेत, तो कधीही शिकता येईल, पण ग्रीक जाणणारा असा माणूस सातशे वर्षांत इटलीत झाला नाही, तो निघून गेला तर पुन्हा कोण शिकवणार? तो ग्रीककडे गेला. त्यानंतर पोपच्या कार्यालयात सचिव, मग १४२७ पासून मरेपर्यंत फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर. त्याच १४२७ मध्ये फ्लॉरेन्सने घराघरातून मालमत्तेची विवरणपत्रं भरून घेतली, तुमच्या भाषेत रिटर्न्सच. ती कागदपत्रं आजही आहेत, आणि त्यांत ब्रुनी शहरातल्या सधन माणसांत मोडतो.

या यशाला एक मर्यादा आहे. ब्रुनीसारखे थोडे. गावोगाव फिरून मुलांना लॅटिनची रूपं घोकायला लावणारे, वर्षावर्षाच्या करारावर राबणारे शिक्षक पुष्कळ. आणि वर्गात चालायचं ते मुख्यतः व्याकरण. उदात्त बोलणी प्रस्तावनेत असत. दिवसभर एकेका ओळीची चिरफाड, शब्दांच्या अर्थांच्या टिपा, पाठांतर, मग त्या लेखकाच्या धाटणीत स्वतः लिहिणं हेच चाले. मला वाटतं, त्या शिक्षणाचं खरं बळ या रटाळ दिसणाऱ्या मेहनतीत होतं.

याचं एकच उदाहरण देते, तुम्हाला ते चटकन पटेल. रोमचा सम्राट कॉन्स्टँटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेचं राज्य पोपला बहाल केलं, असं सांगणारा एक दस्तऐवज होता. शतकानुशतकं पोपची सत्ता त्याचा आधार घेत आली. १४४० मध्ये लोरेंझो वाल्लाने तो बनावट असल्याचं दाखवून दिलं. कशावरून? भाषेवरून. त्यात ‘सत्रप’ (मुळात इराणी सुभेदार) हा शब्द रोमच्या दरबारी माणसांसाठी वापरला होता, जो त्या काळी कुणी तसा वापरत नसे. कॉन्स्टँटिनोपल शहर धर्मपीठ म्हणून ज्या तारखेला वस्तुतः अस्तित्वातच नव्हतं त्या तारखेला त्याचा उल्लेख होता. लॅटिनही कच्चं होतं. २०१० ची तारीख टाकलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक दिसला तर तुम्ही जसे ते बिल बाजूला काढाल, तसंच हे. वाल्ला तेव्हा नेपल्सच्या गादीसाठी लढणारा आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या पदरी होता आणि राजाचं पोपशी वाकडं होतं, तेव्हा हेतू अगदी निर्मळ होता असं नाही. पण पुरावा निर्मळ होता. केवळ व्याकरण नीट येत असल्यामुळे एक माणूस त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संस्थेचा कागद खोटा ठरवू शकला. मला कुणी विचारलं की या शिक्षणाने काय साधतं, तर मी हे सांगते. समोरचा कागद काय म्हणतो, कधी म्हणतो, कुणाच्या सोयीने म्हणतो हे वाचता येणं. ही गरज आज कमी झालेली नाही.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. हो, हे बहुतांशी वरच्या वर्गाचं शिक्षण होतं. अपवाद होते, आणि त्यांतला सगळ्यात सुंदर म्हणजे तो मांतुआचा व्हित्तोरिनो. तो स्वतः गरिबीत शिकला होता. मांतुआचा सत्ताधीश जानफ्रान्चेस्को गोंझागा याने १४२३ मध्ये आपली मुलं शिकवायला त्याला बोलावलं. त्याने दरबाराच्या मौजेसाठी बांधलेल्या एका वाड्यात शाळा थाटली, आतला भपका काढून टाकला आणि राजपुत्रांच्या पंक्तीला गरीब पण हुशार मुलं आणून बसवली. त्यांच्याकडून फी नाही. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं शाळेची. सगळ्यांना एकच शिस्त. लॅटिन-ग्रीकच्या जोडीला गणित होतं, आणि पोहणं, घोडेस्वारी, रानावनातली भटकंतीही. राजाची मुलगी चेचिलिया भावांबरोबरच शिकली आणि कोवळ्या वयात ग्रीक लिहायला लागली. १४४६ मध्ये व्हित्तोरिनो गेला तेव्हा त्याच्याजवळ साठवलेलं असं काही नव्हतं. मिळालं ते त्या मुलांवर खर्च झालं होतं. शिक्षक म्हणून मी ज्यांच्यापुढे मान लववते त्यांत हा माणूस आहे.

पण मुलींचं काय झालं ते तुमच्या लेकीला माहीत असायला हवं. ब्रुनीने बात्तिस्ता मालातेस्ता या विदुषीला अभ्यासक्रम आखून देणारं मोठं पत्र लिहिलं. इतिहास वाच, कवी वाच, नीतिशास्त्र वाच, सगळं सांगितलं. आणि वक्तृत्वाशी आलं तेव्हा म्हणाला, कोर्टकचेरीतल्या हातवाऱ्यांची आणि आरडाओरड्याची बाईला गरज नाही. म्हणजे जी विद्या माणसाला सार्वजनिक जीवनात नेते, नेमकी तिचीच दारं बंद! (त्याच बात्तिस्ताने १४३३ मध्ये सम्राट सिगिस्मुंडपुढे उभं राहून लॅटिनमध्ये भाषण केलं, हे सांगताना मला मनापासून आनंद होतो.) व्हेरोनाच्या इसोत्ता नोगारोलाने १४३६ मध्ये त्या काळचा नामांकित शिक्षक ग्वारिनो याला पत्र पाठवलं. त्याचं उत्तर बरेच महिने आलं नाही आणि गावातल्या बायाबापड्यांनीही तिची टर उडवली. तिने पुन्हा लिहून याचा जाब विचारला, तेव्हा कुठे उत्तर आलं.

व्हेनिसच्या कासांद्रा फेदेलेवर मी थोडं थांबते. वडिलांनीच तिला विद्येची वाट दाखवली. १४८७ मध्ये, जेमतेम बाविशीत, एका नातेवाइकाच्या पदवीदानाच्या वेळी तिने पादुआच्या विद्यापीठात लॅटिन भाषण दिलं आणि इटलीभर तिचं नाव झालं. विद्येच्या स्तुतीसाठी तिने लिहिलेलं दुसरं एक भाषण आहे. त्यात ती म्हणते की विद्याभ्यासाने बायकांना कसलं बक्षीस, कसली पदवी मिळत नसली तरी त्या आनंदासाठीच प्रत्येक बाईने तो करावा. हे वाक्य लोक कौतुकाने उद्धृत करतात. मला त्यात बंद दरवाजा दिसतो. त्यानंतर तिचं लग्न झालं. १५२० मध्ये क्रीटहून परतताना समुद्रात वादळ आलं, होतं नव्हतं ते सामान गेलं, आणि त्याच वर्षी नवराही गेला. ती हलाखीत जगली. १५४७ मध्ये पोप तिसऱ्या पॉलच्या मध्यस्थीने तिला एका अनाथाश्रमाची व्यवस्था बघण्याचं काम मिळालं. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. १५५६ मध्ये पोलंडची राणी बोना स्फोर्झा व्हेनिसला आली तेव्हा स्वागताचं भाषण करायला नव्वदी ओलांडलेल्या कासांद्राला पुढे केलं गेलं.

म्हणून तुम्हाला विनंती अशी: लेकीला हे शिक्षण छंद म्हणून देऊ नका. ‘शीक हवं तर, नाहीतरी पुढे लग्नच करायचंय’ असं कुणी नातलग म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. तिने हे करायचं तर पूर्ण गांभीर्याने, कमावण्याच्या आणि चारचौघांत उभं राहून बोलण्याच्या तयारीने करायचं. ब्रुनीने बात्तिस्ताला नाकारलेला भागच तिने आधी मागून घ्यायचा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. कॉलेज बघायला तुम्ही दोघं जा. इमारत आणि कॅन्टीन यांच्याकडे लक्ष देऊ नका. शिक्षकांना भेटून विचारा: वर्षाला मुलं किती निबंध लिहितात आणि ते तपासतं कोण? शेरे लिहून परत मिळतात का, पुन्हा लिहून घेतात का? एखादी नवी भाषा, संस्कृत म्हणा, फारसी म्हणा, जर्मन म्हणा, मुळापासून शिकायची सोय आहे का? एखादं जुनं पुस्तक सारांशावर न भागवता अथपासून इतिपर्यंत वाचून घेतात का? संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेता येतं का? या प्रश्नांना सरळ उत्तरं आली नाहीत आणि तुमच्या हातात चकचकीत माहितीपत्रक ठेवलं गेलं, तर ती फी देऊ नका. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात इतिहास वा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणारी, ग्रंथालयात मुक्काम ठोकणारी मुलगी वेर्जेरिओच्या कल्पनेच्या कितीतरी जवळ असते. हा पर्याय लेकीपुढेही ठेवा आणि ती काय म्हणते ते ऐका. तिला विद्या हवी आहे की पुण्याचा तो कॅम्पस, हे त्यात कळेल. अठराव्या वर्षी दोन्ही हवं असणं यातही काही पाप नाही.

सीएबद्दल ब्रुनीची कसोटी लावा: नंतर काय करता येईल आणि काय आत्ताच? कुठल्याही शाखेच्या पदवीधराला ठरावीक टक्के असतील तर सीए इंटरमीजिएटला थेट जाता येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. आहे, स्पर्धा परीक्षा आहेत. चांगल्या शिक्षकांसमोर बसून निवांत वाचायची चार वर्षं मात्र तिशीत मिळत नाहीत. ही कसोटी मला पटते. मात्र तिच्यातली मेख विसरू नका: ब्रुनीपुढे क्रिसोलोरास होता. कॉलेजात तसे शिक्षक नसतील तर हा सगळा युक्तिवादच गळून पडतो.

एक अट तुम्ही तिला जरूर घाला. सुट्टीत तिने तुमच्या ऑफिसात बसायचं, रिटर्न्सच्या गर्दीच्या दिवसांत. स्पेनचा हुआन लुइस व्हिव्हेस याने १५३१ च्या आपल्या शिक्षणग्रंथात लिहिलंय की विद्यार्थ्याने कारागिरांच्या दुकानांत, कारखान्यांत जायला आणि त्यांच्या कामाबद्दल त्यांनाच विचारायला लाजू नये. पुस्तकं वाचणाऱ्याला जगरहाटी कळावी म्हणून. तेव्हा तिचेच गुरुजन हे सांगताहेत. व्यापारी खोटं कसं बोलतो, का बोलतो, एखाद्या विधवेच्या दुकानाचा ताळेबंद किती नाजूक असतो, हे तिला तुमच्या टेबलापाशी कळेल. तुमच्या धंद्याबद्दलचं ते वाक्य तिच्या तोंडून पुन्हा येणार नाही.

इटलीचा कवी पेत्रार्क याच्या वडिलांची गोष्ट तिने वाचलेली असेल. ते नोटरी होते. मुलाने कायदा शिकावा म्हणून त्यांनी त्याला आधी मॉन्पेलिएला, मग बोलोन्याला ठेवलं. मुलगा लपूनछपून काव्य वाचतो हे कळल्यावर त्यांनी ती पुस्तकं आगीत टाकली, आणि तो रडायला लागला तेव्हा व्हर्जिल आणि सिसेरो तेवढे आगीतून ओढून काढून त्याच्या हातात दिले. पेत्रार्कने म्हातारपणी हे लिहून ठेवलंय, कडवटपणा न ठेवता. वाद घालताना आवाज चढला असेल तुमचाही. ते भरून निघतं.

मला जास्त भावतात ते बेर्नार्दो मॅकियाव्हेली, राजकारणावर लिहिणाऱ्या प्रसिद्ध निकोलोचे वडील. कायदा शिकलेले, पण मिळकत बेताची. त्यांची खर्चाची आणि नोंदींची वही टिकून राहिली आहे. १४७५ मध्ये त्यांनी एका मुद्रकाशी करार केला: रोमचा इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथात आलेली सगळी गावं, डोंगर, नद्या यांची सूची करून द्यायची, मोबदला म्हणून ग्रंथाची प्रत मिळेल. ते काम नऊ महिने चाललं. पुढच्या वर्षी, सात वर्षांच्या निकोलोला लॅटिनच्या शिक्षकाकडे घातल्याची नोंद त्याच वहीत आहे, आणि १४८० मध्ये हिशेबाच्या शाळेत घातल्याचीही. १४८६ मध्ये ती लिव्हीची प्रत बांधून घेतली, ती बांधणाऱ्याकडून आणायला सतरा वर्षांचा निकोलो गेला होता. त्याच लिव्हीवर त्याने पुढे आपला प्रजासत्ताकावरचा मोठा ग्रंथ लिहिला. बेर्नार्दोंनी मुलाला लॅटिन आणि हिशेब दोन्ही दिलं, आणि आपल्या ऐपतीत बसेल अशा रीतीने दिलं.

कर्जाबद्दल माझं मत हेच. तिच्या पदवीनंतर पहिल्या काही वर्षांच्या साध्या पगारातून हप्ता फिटेल एवढंच कर्ज काढा. राहतं घर तारण ठेवू नका आणि निवृत्तीची पुंजी मोडू नका. पुण्याची फी त्यात बसत नसेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज तिने स्वतः लिहावा, आणि तो मिळाला नाही तर सांगलीत किंवा कोल्हापुरात बी.ए.ला प्रवेश घ्यावा. पुस्तकांसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम तुम्ही वेगळी काढा. आकडा तुम्हीच ठरवा, तिच्यासमोर बसून, वहीत लिहून. वर विचारायला सांगितलेल्या प्रश्नांची उत्तरं कॉलेजातून आली की मला कळवा. शिकवणाऱ्यांची नावं आणि अभ्यासक्रमाचा कागद जोडलात तर मी वाचून सांगेन.